मंडपाच्या स्वयंपाकघराची जमीन

अप्पा, तुमच्या स्वयंपाकघराची जमीन मी उखडून टाकली. त्याला बरेच दिवस झाले. तुम्हाला ते सांगावं असं आजच वाटलं, कारण डावा हात प्लास्टरमध्ये आहे, मंडपात जायला डॉक्टरांनी मनाई केली आहे आणि घरी बसून एका हाताने करता येण्याजोगं लिहिण्याशिवाय दुसरं काही नाही. तुम्ही असतात तर ही बातमी तुमच्यापर्यंत माझ्या आधीच पोचली असती. कुंभकोणमच्या साक्कोट्टै रस्त्यावरच्या त्या लग्नमंडपात कुणी भिंतीला खिळा ठोकला तरी तुम्हाला घरी बसून कळायचं. तुम्ही आला असतात, दारात उभे राहिला असतात आणि काहीच बोलला नसतात. तुमच्या त्या न बोलण्याची मला शेवटपर्यंत भीती वाटायची. आता लिहिताना वाटत नाही, एवढाच तुमच्या नसण्याचा फायदा.

कशी होती ती जमीन, आठवते तुम्हाला? लाल रंग घालून घोटलेली, वर्षानुवर्षं तुपातेलाच्या हातांनी आणि अनवाणी पायांनी आणखी घोटली गेलेली. मंडपाचे मालक लग्नघरच्या माणसांना मुद्दाम आत आणून दाखवायचे, बघा, तोंड दिसतं. खरंच दिसायचं. मी लहानपणी परकराचा काठ तिच्यात बघून सारखा करायची. आणि तुमचा नियम असा की एक पदार्थ झाला की जमिनीवर पाणी ओतायचं, दुसरा झाला की पुन्हा ओतायचं, म्हणजे खरकटं खरकट्यात मिसळत नाही. ओतायचं, पण पुसायचं नाही. पुसायला फडकं लागतं आणि फडकं म्हणजे कुणीतरी नेसून टाकलेलं जुनेर. ते तुमच्या सोवळ्यात बसत नव्हतं. पाणी स्वतःच पवित्र, ते स्वतःच वाहून जाईल. ते कधीच पूर्ण वाहून जायचं नाही. भात वेळला की पेज त्याच पाण्यातून मोरीकडे सरकत जायची, आणि जिथून जायची तिथे साबण लावल्यासारखा पट्टा राहायचा. त्यात तुम्ही पहाटे विहिरीवर आंघोळ करून ओली वेष्टी कमरेला नेसून चुलीशी उभे, तुमच्याभोवती थेंबांचं वर्तुळ. चपला मागच्या दाराबाहेर, मग मालक असो की कलेक्टर. शिवाय पंगतीकडच्या दाराचा तो उंबरा, गुडघ्याच्या जरा खाली येणारा, दर शुक्रवारी हळद लावलेला. त्यावर पाय ठेवायचा नाही, ओलांडून जायचं. हातात उकळतं भांडं असलं तरी ओलांडूनच जायचं.

तुम्ही कधी पडला नाहीत, हीच खरी अडचण होती. तुमच्या पायांची बोटं पंख्यासारखी फाकलेली होती, त्या जमिनीवर तुम्ही असे चालायचात की जणू बोटांनी ती धरून ठेवली आहे. त्यामुळे पडणं हा तुमच्या लेखी अपघात नव्हताच, तो स्वभावातला दोष होता. जो पडला त्याचं लक्ष कामात नव्हतं. पापड-अप्पळं तळणारा एकदा घसरला, तोल सावरायला त्याने हात पुढे केला आणि तो कढईच्या काठावर पडला. तुम्ही विचारलंत, "लक्ष कुठे होतं?" आणि भाजलेला हात पाठीमागे लपवून तो तुमची माफी मागत होता. हे मी पाहिलं आहे. मग माणसांनी पडणं लपवायला सुरुवात केली. घसरले की हसायचे, उठायचे आणि मागच्या केळींमध्ये जाऊन गुडघा चोळायचे. आपलं स्वयंपाकघर गावात शिस्तीचं म्हणून नावाजलेलं होतं. कुंभकोणमात रायरांच्या, म्हणजे तुमच्या, हाताखाली काम केलं म्हटलं की दुसरीकडे लगेच नोकरी मिळायची. तिथे कुणी पडत नाही, असंही लोक म्हणायचे.

आईच्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. आज बोलते. आवणी महिन्यातला मुहूर्त आहे, पहिली पंगत बसली आहे, सांबार वाढून झालं आहे आणि बाहेरून रसमाची हाक येते आहे. मी कोपऱ्यात नारळ खोवते आहे. रसमाच्या पितळी हंड्याचा एक कान धरलाय चोळपुरमहून येणाऱ्या आपल्या माणसाने, तेव्हा तो तरणाबांड होता आणि त्याला मिशांचा अभिमान होता. दुसरा कान धरणारा वाढायला गेला आहे, म्हणून तुम्ही मान न वळवता म्हणता, "तू धर." आई पदर खोचते आणि धरते. तो पुढे, ती मागे. तो उंबरा ओलांडतो. ती उंबऱ्यावर पाय ठेवत नाही, तुम्ही शिकवल्याप्रमाणे उजवा पाय उंच उचलते, आणि डावा पाय पेजेच्या पट्ट्यावर असतो. एक पाय त्या उंबऱ्यावर टेकला असता तर ती सावरली असती, असं मला वाटतं. मी तो क्षण इतक्या वेळा पाहिला आहे की आता वाटण्याचं आणि माहीत असण्याचं अंतर उरलेलं नाही. ती ओरडली नाही. आवाज झाला तो पितळेचा.

रसम तिच्या कमरेवर आणि मांडीवर सांडलं. मागच्या दाराने मंडपाचा इलेक्ट्रिशियन धावत आत आला. तो जनरेटर बघायला आला होता, आपल्या स्वयंपाकघरातला नव्हता, त्याला आपले नियम माहीत नव्हते. तो तिच्याकडे धावला आणि तुम्ही झारा हातात वर धरलेला, तसेच उभे राहून म्हणालात, "आधी चपला काढ." मोठ्याने नाही. तुम्ही कधीच मोठ्याने बोलत नव्हतात. तो थांबला. मागे दारापर्यंत गेला, खाली वाकला. त्याच्या चपलांना बक्कल होतं आणि ते निघत नव्हतं. आई उकळत्या रसमात पडली होती आणि आम्ही सगळे, मीसुद्धा, एका माणसाच्या बकलाकडे बघत उभे होतो. मग ते निघालं, मग तिला उचललं, मग तुम्ही म्हणालात, "डाळीचं पाणी आहे अजून. दुसरं रसम टाका." पंगतीला कळलंही नाही. कोठीत तांदळाच्या पोत्यांवर तिला आडवं केलं आणि दुसरी पंगत उठल्यावर तुम्ही आत आलात. मी वाट बघत होते तुम्ही काय बोलता याची. तुम्ही म्हणालात, "पायाखाली बघायचं ना."

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळातून ती घरी आली त्या आठवड्यात तुम्ही तिच्यासाठी रेशमी नऊवार आणलंत, कुंभकोणमच्याच मागावरचं, गडद तांबड्या अरकू रंगाचं, हिरव्या काठाचं. खूप सुंदर होतं. ते नेसायला माणसाला उभं राहावं लागतं, ओचा काढावा लागतो, कासोटा घालावा लागतो. ती भिंतीला धरूनसुद्धा उभी राहू शकत नव्हती. तिने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे. पेटीत ठेव." ते पेटीतच राहिलं. नंतरची सगळी वर्षं ती खुर्चीत बसून भाज्या चिरत होती, आणि कुणी विचारलं तर सांगायची, "माझंच लक्ष नव्हतं हो." तिच्या त्या खुर्चीपेक्षा मला तिचं हे वाक्य जास्त सलायचं, कारण ते तिचं नव्हतं, तुमचं होतं. तुम्ही ते तिच्या तोंडात घातलंत आणि ती ते घेऊनच तुमच्या आधी गेली. तुम्ही स्वतः गादीवर गेलात, झोपेत, कोरड्या पायांनी.

तुमच्यानंतर मंडपाच्या मालकांनी स्वयंपाकघर माझ्याकडेच ठेवलं. बाई काय सांभाळणार, असं म्हणणारे होतेच, पण रायरांची मुलगी म्हटल्यावर त्यांनी एक मोसम बघायचं ठरवलं आणि मग बघतच राहिले. पहिल्यांदा मी जमीन काढली. तिथे खडबडीत दगड बसवला, मोरीकडे उतार दिला, चुलींच्या पुढे जाळीची गटारं केली म्हणजे पेज माणसांच्या पायांखालून जात नाही. उंबरा काढला. गवंड्याने विचारलं, हळद लावलेला आहे, खरंच काढू? मी म्हटलं, काढ. हंडे आता कुणी उचलत नाही, चाकांच्या गाड्यांवरून जातात. भाजीची सालं आणि केळीच्या पानांचे दांडे जमिनीवर टाकायचे नाहीत, त्यांना पिंप आहे. लांब दांड्याचा रबरी पुसणा आहे, तो कुणाचं जुनेर नाही. आणि एक नियम केला: काही सांडलेलं दिसलं की ज्याला दिसलं त्याने तिथेच उभं राहायचं आणि हाक मारायची, पुसणा येईपर्यंत हलायचं नाही. कुणी सांडलं ते विचारायचं नाही. पडला तर लक्ष कुठे होतं हे तर मुळीच विचारायचं नाही. जमीन कशी होती ते विचारायचं.

सगळ्यात जड गेले ते बूट. तळाला खाचा असलेले रबरी बूट, फक्त स्वयंपाकघरात घालायचे, दाराबाहेर न्यायचे नाहीत, रोज धुवायचे. चोळपुरमचा आपला माणूस आता म्हातारा झाला आहे, मिशा पांढऱ्या, पण तोंड तेच. तो मला तमिळमध्ये म्हणाला, "अक्का, मी माझ्या लग्नातसुद्धा बूट घातले नव्हते."

"मग आता घाल."

"लोक म्हणतील रसम वाढायला पोलीस आलेत."

"म्हणू देत. पोलिसाला कुणी रसम कमी आहे म्हणून ओरडत नाही."

तो हसला आणि त्याने बूट घातले. पण कितीतरी दिवस मी आत आले की तो पाय स्टुलाखाली लपवायचा. तुमच्यापासून लपवत होता, मला कळायचं.

मग या मोसमात ते लग्न आलं. तिरुनीलक्कुडीकडचं आपल्यातलंच घराणं, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेलं, घरात अजून जुनी मराठी आणि दार ओलांडलं की तमिळ. मुलाची मोठी आत्या स्वयंपाकघर बघायला आली. आम्ही सगळे त्यांना मामी म्हणतो. त्या दारात थांबल्या आणि सगळ्यांच्या पायांकडे बघत राहिल्या.

"स्वयंपाकघरात पायताणं?"

"बाहेर जात नाहीत मामी. रोज धुतात."

"कातडं धुतलं तरी कातडंच."

"रबर आहे."

"रबर कुठून येतं कुणी पाहिलंय?"

"झाडातून येतं, मामी."

त्यांचा भाचा मागे हसला, त्यांनी वळून पाहिलं, तो फोन बघू लागला. "तुझे अप्पा असते तर," त्या म्हणाल्या.

"ते असते तर तुमच्यासमोर मी उभी नसते."

"तेच म्हणते मी."

हे लग्न दुसरीकडे गेलं तर नुसतं लग्न जाणार नव्हतं. मामींच्या मागोमाग जुनी घराणी एकेक करून जाणार, मालक एक दिवस हळूच येऊन सांगणार, काय ते बूट, जरा काढून ठेवा मोसमापुरते. एकदा काढलेले बूट पुन्हा चढत नाहीत. तुमच्यापासून सोडवून आणलेली माणसं मला परत त्या ओल्यावर उभी करायची नव्हती. मामींनीच वाट काढली. "नैवेद्य तरी सोवळ्यात होईल, की देवालाही बूट घालून वाढणार?"

मी म्हटलं, "नैवेद्य मी करीन. मी एकटी. सोवळ्यात."

"ओलेत्याने?"

"ओलेत्याने," मी म्हटलं. अप्पा, हा शब्द मी उच्चारला तेव्हा मला वाटलं मी सौदा जिंकला.

तुमची नैवेद्याची छोटी खोली मी तशीच ठेवली होती, हे अजून सांगितलं नाही. गवंडी तिथवर आला तेव्हा त्याने विचारलं, "ही?" आणि मी म्हटलं ती राहू दे. स्वतःला सांगितलं की खोली लहान आहे, तिथून जड काही न्यायचं नसतं, कुणी धावत नाही. खरं म्हणजे तिथे तुम्ही हाताने बांधलेली चूल आहे. तिच्यासमोर लाल जमिनीचा एक तुकडा उरला आहे, अजून तोंड दिसतं.

लग्नाच्या सकाळी मी आंघोळ केली, सुती नऊवार भिजवून नेसले आणि त्या खोलीत गेले. बाहेर माझी माणसं बुटांनी चालत होती, गाड्यांची चाकं वाजत होती, कुणीतरी "इथे सांडलंय" म्हणून हाक मारत होतं आणि पुसणा धावत होता. आत माझ्या ओच्यातून पाणी ठिबकत होतं. भात झाला, वरण झालं, पायसात तूप सोडताना थोडं खाली गेलं. मला ते दिसलं. हाक मारायची तर कुणाला, सगळ्यांच्या पायात बूट. मी ते ओलांडायचं ठरवलं. पायसाचं भांडं घेऊन वळले आणि डावा हात अंगाखाली घेऊन पडले. मनगटातून काहीतरी तुटल्याचं आतूनच ऐकू आलं. पायस माझ्यावर आलं नाही, दुसऱ्या बाजूला गेलं. आईपेक्षा मी नशीबवान.

नैवेद्य कुणीतरी गूळ आणि केळ्यांचा केला. जेवण उत्तम झालं असा मामींचा निरोप आला. इस्पितळात त्यांनी फोनवर मला सांगितलं, "सोवळ्यात पडलीस, पुण्यच लागेल." मी हो म्हटलं. सगळी जुनी घराणी माझ्याकडेच राहतील असं दिसतं आणि बूटही राहतील. गवंड्याला बोलावलं आहे. या वेळी तो विचारणार नाही, मी आधीच सांगितलं आहे की चूलसुद्धा काढायची.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि त्यावर लिहायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी कुणालाच सांगितलेली नाही. मी पडले तो आवाज ऐकून चोळपुरमचा म्हातारा सगळ्यांच्या आधी आला. खोलीच्या दारातून त्याचा बूट घातलेला पाय आत पडलाच होता. मी जमिनीवर होते, हात वेडावाकडा झाला होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "आधी बूट काढ." मोठ्याने नाही. तो थांबला. मागे गेला, चौकट धरून वाकला. त्याचे गुडघे आता लवकर वाकत नाहीत, टाचेचा पट्टा त्याला सापडेना. मी त्याच्या बोटांकडे बघत पडून राहिले. मग तो अनवाणी आत आला आणि त्याने मला उचललं, जपून, त्या ओल्यावर एकेक पाऊल टाकत.

ऑटोमध्ये त्याने माझ्या हाताखाली आपला पंचा घडी करून ठेवला. मग म्हणाला, "अक्का, दारात आवाज ऐकला आणि वाटलं, रायर आत आहेत."

मला त्याचा राग यायला हवा होता, नाहीतर स्वतःचा. तुमच्यावर तर मी इतकी वर्षं रागावलेलीच आहे, आजही हे सगळं त्याच रागाने लिहिलं आहे आणि त्यातलं एकही वाक्य मागे घेत नाही. पण त्या जमिनीवर पडलेली असताना तो तुमचा आवाज मलाही ऐकू आला होता, अप्पा, आणि मला बरं वाटलं होतं.